ऑफ-सीझनचा भाव

माझ्या ड्राइव्हवर 'मालवण_फायनल_३' नावाची एक शीट आहे. मुळात ती माझी नाही. ऑफिसातला एक मित्र ऑनसाइटवर सहा महिने फ्रान्सला होता. नोव्हेंबरात चार दिवस सुट्टी मिळाली तेव्हा त्यानं ब्रिटनीच्या किनाऱ्यावर, सॅं-मालोला जायचं ठरवलं आणि ही शीट बनवली. समुद्रापासून अंतर, रेटिंग, हीटर, खोलीचा भाव, कॅन्सलेशन फुकट की नाही, रेस्टॉरंट सोमवारी उघडं की बंद. असे चौदा कॉलम.

फ्रान्समध्ये समुद्राचा सीझन म्हणजे जुलै-ऑगस्ट. १९३६ साली तिथं कायदा झाला आणि कामगारांना वर्षाला दोन आठवड्यांची पगारी सुट्टी मिळाली. आज ती पाच आठवड्यांची आहे, आणि बरीच कुटुंबं ती उन्हाळ्यात घेऊन किनाऱ्याकडे निघतात. नोव्हेंबरात मात्र कितीतरी दारांवर 'वार्षिक सुट्टी'ची पाटी असते. मित्र परत आला तेव्हा त्यानं मला दोन गोष्टी सांगितल्या. एक, रिव्ह्यू सगळे सीझनचे असतात, ऑफ-सीझनला त्यांच्यावर विसंबू नकोस. दोन, ऑफ-सीझनला सांगितलेला भाव शेवटचा कधीच नसतो.

२०२४च्या जुलैमध्ये मी त्याची शीट कॉपी केली, 'हीटर' खोडून 'इन्व्हर्टर' लिहिलं आणि आईबाबांना समुद्र दाखवायच्या तयारीला लागलो.

आमचं गाव वाशिम जिल्ह्यात, मालेगाव तालुक्यात. (नाशिकचं मालेगाव वेगळं. हे वाक्य आम्ही जन्मभर बोलत असतो.) पाणी म्हटलं की आम्हाला पैनगंगा ठाऊक, नाहीतर वाशिमजवळचं एकबुर्जी धरण. बाबांनी पंढरपूर, शेगाव, तिरुपती सगळं पाहिलं होतं, पण समुद्र नाही. ऑगस्टमध्ये जायचं, कारण सोयाबीनची डवरणी-निंदण आटोपून एक फवारणी झाली की बाबांना पाच-सहा दिवस निघता येतं. एप्रिल-मे मोकळा असतो, पण त्या उन्हात समुद्रावर जायला आई तयार नव्हती.

कोकणात ऑगस्ट म्हणजे पक्का ऑफ-सीझन. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. ती उठली तरी समुद्र खवळलेलाच असतो, बऱ्याच होड्या नारळी पौर्णिमेनंतरच बाहेर पडतात. सिंधुदुर्ग किल्ल्यात नेणाऱ्या होड्या बंद, स्कूबा बंद. त्यात त्या वर्षी ५ ऑगस्टला श्रावण लागला, म्हणजे आमच्या घरात मासळी बंद. मालवणला जाऊन मासे खायचे नाहीत, किल्ला बघायचा नाही, पाण्यात उतरायचं नाही. आमच्याइतकं ऑफ-सीझन गिऱ्हाईक मालवणनं क्वचितच पाहिलं असेल.

मित्राची पहिली सूचना लगेच पटली. ४.६ रेटिंगच्या खानावळीचे रिव्ह्यू उघडले तर सगळे सुरमई आणि तिसऱ्यांवर. डिसेंबरात आलेले लोक, मेमध्ये आलेले लोक. श्रावणातल्या शाकाहारी माणसाला त्या ४.६ चा काय उपयोग? पावसाळ्यातले रिव्ह्यू शोधले तर एक स्टार देणारे जास्त. लाइट गेले, भिंतीला ओल होती, बीचवर जाऊ दिलं नाही. म्हणजे पावसाची शिक्षा घरमालकाला. रेटिंग हे शेवटी सरासरीचं गणित आहे. कुणी कुठल्या महिन्यात, काय अपेक्षेनं दिलं हे त्या एका आकड्यात मिसळून जातं. मी दिवसभर डेटावर काम करतो, तरी ४.१ आणि ४.४ यांत मी ४.४ कडेच बघतो. सवय.

बारा घरं शीटमध्ये आली. त्यातलं तारकर्लीच्या रस्त्यावरचं एक मला आवडलं. घरमालकीण स्वतः व्हॉट्सॲपवर बोलत होत्या. खाली त्यांचं घर, वर चार खोल्या. सीझनला तीन हजार, आत्ता अठराशे. आम्हाला दोन खोल्या हव्या होत्या, तीन रात्री.

मी लिहिलं, 'काकू, शेजारी हजारात देतायत.'

शेजारी कुणी हजारात देत नव्हतं. माझ्या शीटमधला सगळ्यात कमी भाव चौदाशे होता.

बराच वेळ उत्तर आलं नाही. 'टायपिंग' दिसायचं आणि जायचं. मग आलं, 'पंधराशे करते.' मी लिहिलं, 'बाराशे फायनल करा, आत्ता ॲडव्हान्स टाकतो.' पुन्हा टायपिंग. मग एक हात जोडलेला इमोजी आणि 'चालेल'.

सहाशे गुणिले दोन खोल्या गुणिले तीन रात्री, छत्तीसशे रुपये वाचले. मी मित्राला स्क्रीनशॉट पाठवला. त्यानं आगीचा इमोजी टाकला.

*

आईबाबा ट्रॅव्हल्सनं पुण्याला आले, तिथून बहिणीला घेऊन आम्ही चौघं गाडीनं फोंडा घाट उतरून गेलो. समुद्र पाहून आई पहिलं वाक्य बोलली, "एवढं पानी, अन् प्याले थेंब नाही." बाबा काहीच बोलले नाहीत. छत्री धरून अर्धा तास उभे राहिले.

जेवणाचा प्रश्न मला वाटला त्यापेक्षा वेगळा निघाला. ऑफ-सीझनला घरगुती खानावळीत आयतं काही नसतं. सकाळी दहाच्या आत फोन करून सांगायचं, किती जण आणि काय. मग त्या बाजारात जातात, तेवढंच रांधतात. पहिल्या दिवशी आम्हाला काळ्या वाटाण्याचं सांबार, केळफुलाची भाजी, उकड्या तांदळाचा भात आणि सोलकढी मिळाली. आईला भातानं जेवल्यासारखं वाटत नाही हे कळल्यावर त्या बाईंनी चपात्याही लाटल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चार ताटं सांगितली. साडेअकराला फोन चाळताना दिसलं की शीटमधलं एक जास्त रेटिंगवालं हॉटेल, जे बंद असेल असं मी धरून चाललो होतो, ते उघडं आहे. मी म्हटलं, खानावळीत फोन करून नाही म्हणून सांगतो, अजून वेळ आहे.

बाबा म्हणाले, "सांगतलं हाय ना तिले? आता कसं नाही म्हनतं?"

"कॅन्सल करता येतं बाबा. पैसे थोडीच दिलेत?"

"पैसे नाही देल्ले म्हनूनच तं."

हे वाक्य तेव्हा मला गोंधळाचं वाटलं. पैसे दिले असते तर न जाऊन नुकसान आपलं झालं असतं, दिले नाहीत म्हणून ते तिचं होणार, असा त्याचा सरळ अर्थ होता. 'फ्री कॅन्सलेशन' हे दोन शब्द मी शेकडो वेळा वाचलेत. ते फुकट कुणाला पडतं आणि किंमत कुणाकडे जाते, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. ॲपवर सगळे पर्याय शेवटच्या मिनिटापर्यंत उघडे ठेवायची आपल्याला सवय लागली आहे. पण ऑगस्टमधल्या खानावळीत तुमचा उघडा पर्याय म्हणजे कुणाच्या तरी गॅसवर चढलेलं पातेलं असतं. आम्ही खानावळीतच जेवलो.

शेवटच्या सकाळी आम्ही आंबोळ्या खात होतो तेव्हा बाबांनी घरमालकिणीला सहज विचारलं, "सीझनमंदी केवढ्याले देता ही खोली?"

"तीन हजार, काका."

"अन् आता?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आता काय, जमेल तसं. बँकेचा हप्ता बारा महिने असतो ना." एवढंच बोलून त्या चहा आणायला आत गेल्या. आवाजात तक्रार नव्हती. बाबांनी मला नंतरही काही विचारलं नाही.

*

मी हे सगळं विसरलोही असतो. ऑक्टोबरात सोयाबीन विकायला बाबांसोबत गेलो म्हणून ते परत आठवलं.

त्या वर्षी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये होता आणि बाजारातला भाव बरेच आठवडे त्याच्या खाली होता. आमची पाळी आली तेव्हा आधी ओलाव्याचं यंत्र लागलं. सतरा. मग मूठभर दाणे हातात घेऊन मातेरं दाखवून झालं. हर्राशीत भाव निघाला ३९००. बाबा म्हणाले, थोडं वाढवा. समोरचा माणूस शांतपणे म्हणाला, "परवडत नसेल तर घेऊन जा."

घेऊन कुठं जाणार? गाडीभाडं दोन्हीकडून लागणार. कृषी सेवा केंद्राची उधारी, हरभऱ्याचं बियाणं, तोंडावर दिवाळी. हे त्या माणसाला आमच्याइतकंच माहीत होतं. हमीभावाच्या खरेदीत ओलाव्याची मर्यादा १२ टक्के होती. नोव्हेंबरात केंद्र सरकारनं ती १५ वर नेली. तोवर बाबांचं विकून झालं होतं.

परतताना मी तावातावानं बोलत होतो. ही लूट आहे, अडवणूक आहे. आणि बोलता बोलता मला तो 'टायपिंग' शब्द आठवला, येणारा आणि जाणारा. 'शेजारी हजारात देतायत' आणि 'परवडत नसेल तर घेऊन जा' या दोन वाक्यांत फरक काढायचा म्हटला तर एकच सापडतो, आणि तो माझ्या बाजूनं नाही. त्या माणसाचं वाक्य खरं होतं. माझं खोटं होतं.

'अडवणूक' हा शब्द मला फार नेमका वाटतो. समोरचा अडला आहे हे माहीत असणं आणि ते माहीत असण्याचे पैसे करणं, दोन्ही त्यात आहेत. पण आपण तो बहुतेक वेळा विकणाऱ्यासाठी वापरतो. डॅनियल कानेमान, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी १९८६ साली छापलेल्या एका अभ्यासासाठी कॅनडात लोकांना एक प्रश्न विचारला होता. दुकानदार बर्फाचं फावडं १५ डॉलरला विकतो. हिमवादळाच्या दुसऱ्या सकाळी तो भाव २० करतो. हे योग्य की अयोग्य? ८२ टक्के लोक म्हणाले, अयोग्य. आता प्रश्न उलटा करा. दुकानदाराला आज संध्याकाळी हप्ता भरायचा आहे हे गिऱ्हाइकाला कळलं आणि त्यानं १५ चं फावडं १० ला मागितलं, तर? आपल्याकडे त्याला हुशारी म्हणतात. मी त्याचा स्क्रीनशॉट पाठवला होता.

यावर पहिला आक्षेप मित्राचाच आला. म्हणाला, "तू गेलाच नसतास तर तिला शून्य मिळालं असतं. तू सात हजार दोनशे दिलेस. उपकारच केलेस." गणित बरोबर आहे. हॉटेलची खोली सोयाबीनपेक्षाही नाशवंत. सोयाबीन निदान कोठारात टिकतं, आजची रात्र उद्या विकता येत नाही. रिकाम्या खोलीपेक्षा बाराशे बरेच. पण याच गणितानं व्यापाऱ्यानंही आमच्यावर उपकारच केले. माल घरी सडण्यापेक्षा ३९०० बरे. अ‍ॅलन वर्थायमर नावाच्या अमेरिकन विचारवंतानं १९९६ साली शोषणावर एक पुस्तक लिहिलं. त्यात तो हाच मुद्दा धरतो की व्यवहारात दोघांचा फायदा झाला, दोघं राजी होते, एवढ्यानं तो न्याय्य ठरत नाही. फायदा दोघांचा असूनही एकानं दुसऱ्याच्या अडचणीतून नको तेवढं काढून घेतलेलं असू शकतं.

मग 'नको तेवढं' म्हणजे किती? ऑफ-सीझनला सीझनचा भाव द्यायचा का? तेही पटत नाही. मला सगळ्यात उपयोगी उत्तर सापडलं ते अनपेक्षित ठिकाणी, तेराव्या शतकातल्या थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती धर्मशास्त्रज्ञाकडे. वस्तूच्या मोलापेक्षा जास्त भाव घ्यावा का, असा प्रश्न तो विचारतो. वस्तू देताना विकणाऱ्याचं काही नुकसान होत असेल तर ते भावात धरावं, असं तो म्हणतो. पण विकणाऱ्याचं जास्तीचं काही जात नसेल आणि घेणारा फक्त गरजू असेल, तर त्या गरजेचे पैसे लावू नयेत. गरज घेणाऱ्याची आहे. जे आपलं नाही ते आपण विकू शकत नाही.

मी हे माझ्या व्यवहाराला लावून पाहिलं. ऑगस्टमध्ये किल्ला नाही, स्कूबा नाही, लाइट जातात, कपडे वाळत नाहीत. ही गैरसोय माझी आहे. तिच्यापोटी सूट मागायचा मला हक्क आहे, आणि काकूंनी ती न मागता दिली होती. तीन हजारांचे अठराशे. पुढचे सहाशे कुठल्या गैरसोयीचे होते? कुठल्याच नाही. ते त्यांच्या हप्त्याचे होते. चारपैकी चार खोल्या रिकाम्या आहेत या माझ्या अंदाजाचे होते. त्यांची गरज मी माझ्या नावावर करून वटवली.

दुसरा आक्षेप आईचा. ती आठवडी बाजारात मेथीच्या जुडीसाठीही घासाघीस करते आणि त्यात तिला मजा येते. विकणारीलाही येते. विकणारीनं पाच रुपये वाढवूनच सांगितलेले असतात, दोघींना ते माहीत असतं. पण त्या खेळात दोघींना उठून जाता येतं. मला तारकर्लीतून उठून जाता येत होतं, शीटमध्ये अजून अकरा घरं होती. काकूंना येत नव्हतं. गरजवंताला अक्कल नसते अशी म्हण आहे. मला वाटतं अक्कल असते, ती वापरायला जागा नसते.

तिसरा आक्षेप बाबांचा, आणि त्याला माझ्याकडे अजून पूर्ण उत्तर नाही. दिवाळीत मी त्यांना ते छत्तीसशे रुपये कसे वाचले ते सांगितलं. खोटं बोललो तेही सांगितलं. मला वाटलं रागावतील. ते हसले. म्हणाले, "अन् सोंगनीचं काय?"

सोयाबीन सोंगायला आलं की पंधरा-वीस दिवसांत सगळ्या गावाला मजूर लागतात. वर ढग दिसले की एकरी भाव चढतो. त्या वर्षी बाबांनी एकरी चार हजार दिले, आधीच्या वर्षीपेक्षा बरेच जास्त, आणि दिवसभर कुरकुरले. माझ्या व्याख्येनं ती मजुरांनी केलेली अडवणूक झाली. आणि उन्हाळ्यात कामं नसतात तेव्हा तेच बाबा त्याच मजुरांना कमी रोजानं बोलावतात. "मंग तेवा मी कोन झालो?" त्यांनी विचारलं.

मी बराच वेळ विचार केला. सोंगणीचा वाढीव भाव सगळा ढगांचा नाही. बारा तास वाकून केलेलं काम आहे, वर्षातले कमाईचे तेवढेच दिवस आहेत, आणि तेही भावात धरायला हवं. पण त्यातले काही रुपये ढगांचेही असतील. ते कुणी वेगळे करायचे? मला एवढंच दिसतं की बाबा, मजूर, काकू, व्यापारीसुद्धा कधी ना कधी अडलेले असतात, आणि अडलेला माणूस कधीतरी दुसऱ्याला अडवून थोडं भरून काढतो. मी त्या साखळीत कुठंच अडलेलो नव्हतो. दर महिन्याच्या शेवटच्या तारखेला माझा पगार होतो. मला ऑफ-सीझन नाही. म्हणून ते सहाशे सोडणं सगळ्यांत सोपं मला होतं. मी ते सोडले नाहीत.

हमीभाव म्हणजे सरकारनं एका मालापुरतं केलेलं एक कबूल करणं आहे, की विकणाऱ्याच्या गरजेवर भाव सोडून चालत नाही. तो नीट मिळत नाही ही गोष्ट वेगळी. खोल्यांना आणि ताटांना असा हमीभाव नाही, आणि कुणी ठरवावा असंही मला वाटत नाही. मग तिथं खालची रेघ गिऱ्हाइकानंच ओढायची उरते.

*

काकूंना छत्तीसशे रुपये पाठवायचा विचार माझ्या मनात आला होता. ॲप उघडून रक्कमही टाकली. मग वाटलं, काय लिहिणार? त्यांना मदतीची गरज आहे असं मी कोण ठरवणार? बरोबरीच्या व्यवहारात मी कमी दिले होते, दान केलं की ती बरोबरीही गेली असती. की हे मी स्वतःला दिलेलं कारण आहे? असेलही. पैसे मी पाठवले नाहीत.

रिव्ह्यू लिहिला. ऑगस्टमध्ये काय मिळतं आणि काय नाही ते सगळं. किल्ला बंद, लाइट जातात पण इन्व्हर्टर आहे, आंबोळ्या गरम मिळतात, जवळच्या खानावळीत सकाळी दहाच्या आत सांगा आणि सांगितलं की जा. म्हणजे निदान पुढचा माणूस पावसाचा स्टार कापणार नाही. यानं छत्तीसशे फिटत नाहीत हे मला माहीत आहे.

बाबा परवा फोनवर विचारत होते, यंदा फवारणी झाल्यावर कुठं जायचं. आईला गणपतीपुळे बघायचं आहे. मी जुनी शीट कॉपी केली आहे. रेटिंगचा कॉलम ठेवला आहे, पण महिन्यानुसार फोडला आहे. कॅन्सलेशनचा कॉलम काढून टाकला. शेवटी दोन नवे घातले आहेत, 'त्यांनी सांगितलेला भाव' आणि 'मी दिलेला भाव'. दोन्हींत फरक असेल तर पुढच्या रकान्यात कारण लिहायचं, आणि ते कारण माझ्या गैरसोयीचं असलं पाहिजे.

अजून दोघांना फोन झालेत. एक काका दोन हजार म्हणाले आणि लगेच स्वतःच म्हणाले, "तुम्ही सांगा ना, करू कमी." मी थोडा वेळ गप्प राहिलो. मग विचारलं, "लाइट गेले तर इन्व्हर्टर आहे का?"